अण्णांच्या कॉम्प्युटरचा ताप

आमचे शेजारी मल्हारअण्णा रोज सकाळी कॉम्प्युटरच्या कपाळावर हात ठेवून ताप बघतात. कॉम्प्युटरला कपाळ कुठलं, असं विचारू नका. ते अण्णांनी ठरवलं आहे. "स्वल्प गरम हाय," म्हणतात आणि टेबलफॅनचं तोंड तिकडे वळवतात. स्वतः घामाने निथळत बसतात.

अण्णांच्या घराण्याला बंगळुरात येऊन कितीक पिढ्या झाल्या. मी परवाचा, पुण्याहून आलेला. बेळ्ळंदूरला त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतो आणि घरूनच काम करतो. त्यांच्या त्या जुन्या कॅबिनेटमध्ये चार म्हाताऱ्या हार्ड डिस्क आहेत. त्या अखंड घरघरतात आणि मधूनच करकर दात खातात. मीटिंगमध्ये माझा साहेब विचारायचा, "पीछे मिक्सर चल रहा है क्या?" उष्णता एवढी की पावसाळ्यात अण्णांचे बनियन त्या कॅबिनेटवर वाळतात. मी कुरकुरलो की म्हणायचे, "राहू दे रे. बोलू दे त्यांना काय बोलायचं ते."

शेवटी मीच एक नवी, मुकी डिस्क विकत आणली. एका शनिवारी सकाळी जाऊन म्हटलं, "अण्णा, सगळं यात उतरवून देतो. हिला ना आवाज, ना ताप."

"सरी, चालेल," अण्णा म्हणाले आणि माझ्यासाठी कॉफी करायला स्वयंपाकघरात गेले.

उतरवायला होतं काय? निवृत्तीच्या दिवशीचं भाषण, तेही अर्धवट, आणि एक जुनं पंचांग. एवढ्यासाठी चार डिस्क तापत होत्या! मला हसू आवरेना. दोन मिनिटांत काम उरकलं आणि जुन्या डिस्क काढायला कॅबिनेट बंद केलं.

घरघर थांबली. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. अण्णा धावत आले आणि माझ्याकडे, कॉम्प्युटरकडे न बघता थेट आतल्या खोलीत गेले. मी घाबरून मागे गेलो. ते एका रिकाम्या पलंगापाशी उभे होते. हात उशीवर होता.

त्यांच्या पत्नी शारदाक्का मी इथे यायच्या आधीच गेल्या. मला तेवढंच ठाऊक होतं.

"दोन वर्षं तिच्या उशाला ऑक्सिजनचं मशीन होतं," अण्णा धापा टाकत म्हणाले. "असाच आवाज, असंच गरम. करंट गेला की आवाज थांबायचा. मग मी पळत यायचो, सिलिंडर लावायचो. आतासुद्धा… पाय थांबत नाहीत बघ."

मला स्वतःची भयंकर लाज वाटली. बाहेर येऊन मी कॅबिनेट पुन्हा चालू केलं. अण्णा हळूहळू आले, खुर्चीत बसले.

"ती गेल्यावर मशीनवाले मशीन घेऊन गेले," ते म्हणाले. "घर एवढं गप झालं, मला घास गिळेना. मग हे लावलं. हे चालू असलं की वाटतं, ती आत झोपली हाय."