काचेतली काठवट

सीदी मरझूक गावच्या संग्रहालयातलं एक काचेचं कपाट रिकामं होतं. ट्यूनिसहून मोठा साहेब पाहणीला येणार होता आणि ते रिकामं कपाट शाझलीला पडलेल्या दातासारखं खुपत होतं. म्हणून बायको हमामला गेल्याची संधी साधून त्याने स्वयंपाकघरातली ऑलिव्हच्या लाकडाची मोठी काठवट उचलली आणि नेऊन कपाटात ठेवली. बस, एवढंच केलं त्याने.

शाझली तिथला प्रमुख, कारकून आणि झाडूवाला (पगार मात्र एकट्या झाडूवाल्याचा). संग्रहालय म्हणजे गावचा जुना तेलघाणा. आणि गाव म्हणजे, त्याच्या मते, बापजाद्यांच्या वारशाची काडीची किंमत नसलेल्या नतद्रष्टांचा बाजार. त्याचा संताप अगदीच खोटा नव्हता. लोक वस्तू द्यायचे खऱ्या, पण गरज पडली की परत न्यायचे. आजोबांची बंदूक वरातीत बार काढायला जायची. तांब्याचं पातेलं कुणाच्या सुंतेच्या जेवणाला गेलं ते पोचे पडून, वर लसणाचा वास घेऊन आलं. न्हाव्याने तर खोगीर दिलं आणि नवं गाढव घेतल्याबरोबर मागायला आला. त्या दिवशी शाझलीचं टाळकं सटकलं. घाण्यातल्या तेलाच्या रांजणाचं एक जाड, गोल, लाकडी झाकण त्याने घेतलं, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'एकदा आत गेलेली वस्तू बाहेर येणार नाही' असं रंगवलं आणि दारावर खिळे ठोकून बसवलं. न्हावी आरडाओरडा करून गेला. शाझलीला त्या रात्री फार गाढ झोप लागली.

आता ही काठवट त्याची होती का? त्याच्या घरात होती, एवढंच खरं. ती त्याच्या सासूची. सासूने मरताना चार मुलींना जवळ बोलावून सांगितलं होतं, काठवट एकीची नाही. दर उन्हाळ्यात एकेकीने पाळीपाळीने तिच्यात वर्षाचं कुसकुस (रव्याचे बारीक दाणे) वळायचं, वाळवायचं आणि काठवट पुढच्या बहिणीकडे धाडायची. जिच्या घरी ती अडकेल तिच्या घरचं पाणीसुद्धा बाकीच्यांनी पिऊ नये. शाझली तेव्हा त्याच खोलीत होता (पण जेवत होता). यंदा त्याची बायको वसीला हिचं कुसकुस वळून झालं होतं. पुढची पाळी थोरल्या मन्नूबियाची, आणि तिच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

वसीला हमामहून परतली ती काठवटीचा कोपरा मोकळा बघून तशीच, ओल्या केसांवर चादर ओढून, संग्रहालयात आली. कपाटावरची चिठ्ठी तिने सावकाश वाचली. 'पूर्वीच्या काळी स्त्रिया हिच्यात कुसकुस वळत असत.'

"पूर्वीच्या काळी," ती म्हणाली. "मग परवा मी काय करत होते? की मीही मेले?"

शाझलीने साहेबाचं नाव पुढे केलं, गावाच्या अब्रूचा विषय काढला, वारसा म्हणजे काय ते सांगायला घेतलं. तिने ते तिथेच तोडलं.

"उद्या ताई येतेय काठवट न्यायला. तिला काय सांगू? माझ्या नवऱ्याने आईला काचेत कोंडलं म्हणून?"

हे मात्र त्याच्या काळजाला लागलं. पण सोडावं कसं? आपल्याच घरची वस्तू बाहेर काढली तर उद्या बंदूकवाला येणार, पातेलंवाला येणार, आणि तो हलकट न्हावी तर सगळ्यांच्या आधी येणार. नियम तो नियम, असं तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. तिने ती चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली आणि निघून गेली. पंचवीस वर्षं संसार केलेल्या माणसाला यातलं भय वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी चौघी बहिणी रव्याची पोती, चाळण्या आणि घागरी घेऊन संग्रहालयाच्या अंगणात हजर.

"वस्तू बाहेर येणार नाही ना?" मन्नूबिया म्हणाली. "नको येऊ दे. आम्हीच आत आलो. उघड ते कपाट."

यात नियम कुठे मोडत नव्हता. शाझलीने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली आणि कपाट उघडलं. चौघी वळायला बसल्या, त्यांच्यामागे सगळी आळी आली आणि घाण्याच्या गच्चीवर चादरी पसरून कुसकुस उन्हात पडलं. तेवढ्यात साहेब आला. इतकं जिवंत संग्रहालय आपण उभ्या जन्मात पाहिलं नाही म्हणाला, मन्नूबियालाच प्रमुख समजून तिचं अभिनंदन केलं, आणि शाझलीला म्हणाला, जरा चहा आण. शाझली दात-ओठ खात चहा आणायला गेला.

कुसकुस वाळलं, पोती भरली. मन्नूबियाने काठवट डोक्यावर घेतली तसा शाझली दारात आडवा झाला. कुसकुस न्या, काठवट नाही.

मन्नूबियाने काठवट खाली ठेवली आणि तिच्याशेजारी फतकल मारली. बाकीच्या तिघीही बसल्या. त्यात वसीला होती.

"ठीक आहे. आम्हीही आत आलेल्याच," मन्नूबिया म्हणाली. "लग्न इथेच करू. नवरदेवाकडची तीनशे माणसं आहेत, ढोलवाले वेगळे. आणि वसीला आता घरी येणार नाही, बाबा. ती पूर्वीच्या काळची."

शाझलीने बायकोकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. तेव्हा कुठे त्याला कळलं की ही चेष्टा नाही. काठवट इथे राहिली तर ही बाई बहिणींना कायमची मुकणार, आणि आपण हिला. मग जो राग आला तो कुणावर आला हे त्याचं त्यालाच सांगता येईना. त्याने हातोडी आणली, खिळे उपटले आणि ती पाटी भर अंगणात भिरकावली.

"न्या! काठवट न्या, घाणा न्या, मलाही न्या!"

त्याला कुणी नेलं नाही. काठवट मन्नूबियाच्या डोक्यावर बसून वाजतगाजत गेली. पाठोपाठ न्हावी आला आणि खोगीर खांद्यावर टाकून निघून गेला. वसीलाने पाटी उचलली, चादरीच्या टोकाने पुसली आणि घरी नेली. शाझलीचा ऊर भरून आला. सगळ्या गावात आपल्या कामाची कदर आहे ती हिलाच, असं त्याला वाटलं.

शुक्रवारी तो नमाज आटोपून, दर शुक्रवारच्या कुसकुसची चव जिभेवर घोळवत घरी आला. समोर आला पाव, चार ऑलिव्ह आणि मिरचीची चटणी.

"कुसकुस?" त्याने विचारलं.

वसीलाने नुसतं कोपऱ्याकडे बोट केलं. वर्षभराचं कुसकुस भरलेला रांजण तिथे होता आणि त्याच्या तोंडावर ते जाड, गोल, लाकडी झाकण अगदी मापात बसलं होतं. अक्षरं अजून ठसठशीत होती.

"तुमचंच अक्षर आहे," ती म्हणाली आणि चटणी त्याच्यापुढे सरकवली.