हबीबभाईंची मधली जागा

एक, दोन, तीन ही मोजणी हबीबभाई मिस्त्रींना मान्य नाही. ते दहा, वीस, तीस मोजतात. तुम्ही त्यांना एसटी स्टँडचा रस्ता विचारून पाहा. हातातला पाना खाली ठेवून ते सांगतील, "दहा, इथून सरका. वीस, पिंपळापाशी वळा. तीस, पोचले." आणि तुम्ही निघालात की मागून हाक येईल, "मधी जागा ठेवली हाय भाऊ! काही राहून गेलं तं घालता येते!"

अमडापुरात त्यांचं वर्कशॉप आणि माझं कृषी केंद्र यांच्यामध्ये एका विटेची भिंत आहे. त्यांच्या खरादाचा, म्हणजे लेथचा, हादरा माझ्या बाटल्यांना बसतो आणि माझ्या औषधांचा वास त्यांच्या चहाला लागतो. असा शेजार असल्यावर माणसाचं काही लपून राहत नाही, असं मी समजत होतो.

मुलीच्या मंगनीला त्यांनी पाहुण्यांची यादी केली. माणसं चौसष्ट. पण यादी दहा, वीस, तीस अशी. आचाऱ्यानं वरची नावं न वाचता शेवटचा आकडा तेवढा पाहिला आणि सहाशे चाळीस माणसांचा पुलाव शिजवला. अख्खं अमडापूर दोन दिवस पुलाव खात होतं. मी स्वतः तीनदा जेवलो. जुबेदाभाभी नवऱ्याकडे नुसत्या बघत होत्या. हबीबभाई म्हणाले, "काऊन तरास करून घेता? माणसं मधात घालता येतात."

हा रोग त्यांना मशीनपासून लागला. अठ्ठावन्नाव्या वर्षी या माणसानं औरंगाबादहून एक जुनी सीएनसी खराद मशीन आणली. हातानं फिरवायची नाही, हुकूम लिहून द्यायचा आणि बाजूला उभं राहायचं. ट्रकमधून उतरताना तिचा धक्का माझ्या पाटीला लागला आणि 'शेतकरी सेवा केंद्र'मधलं 'सेवा' निखळलं. ते मी अजून लावलेलं नाही.

मशीनच्या हुकमांना ओळीनं नंबर द्यायचे असतात, आणि शहाणा माणूस ते दहा-दहानं देतो. पुढेमागे एखादी ओळ राहिली असं लक्षात आलं, तर मध्ये पंधरा नंबरची घुसवता येते. हबीबभाईंना ही सोय इतकी आवडली की त्यांनी ती सगळ्या आयुष्याला लावून टाकली.

पण नुसत्या हुकमावर त्यांचं समाधान नव्हतं. त्यांना मॅक्रो लिहायचा होता. "साधा प्रोग्राम म्हंजे तयार पायजामा," त्यांनी मला समजावलं. "एकच माप. मॅक्रो म्हंजे दर्जी. कोनी बी या, माप सांगा, तुमचा पायजामा शिवून भेटन. मापाच्या जागी आकडा नाई टाकायचा, खूण टाकायची."

पुस्तक इंग्रजी, तेही झेरॉक्स. हबीबभाई सातवी पास. एका हातात डिक्शनरी, दुसऱ्यात फोन. फोनवर औरंगाबादचे कोणी इंजिनिअर असत. मला भिंतीतून एकच वाक्य ऐकू येई, "साहेब, पन तसं नसन तं काय करायचं?" पुढे साहेबांनी फोन उचलणं सोडलं. मग हबीबभाई माझ्या फोनवरून लावू लागले.

पहिल्या परीक्षेला अठराच्या जागी एकशे ऐंशी आकडा पडला. मशीननं निमूटपणे तसंच केलं. हत्यार जाऊन असं धडकलं की माझ्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींना भेटल्या. मी धावत गेलो. हबीबभाई मशीनच्या पाठीवरून हात फिरवत होते. "तिची चूक नाई भाऊ. मशीनले अक्कल नसते, पन इमान असते. मानसाचं उलटं हाय. म्या 'नाई तं' लिहिलंच नोतं."

मग सहा महिने ते 'नाई तं' शिकले. माप जास्त असेल तर थांब. नाही तर पुढे जा. घरीही तेच. भाभींनी चहाचं विचारलं की हे विचारत, "साखर नसन तं?"

"तं गुमान बिनसाखरेचा प्यायचा," भाभी सांगत.

आता, हे सगळं कशासाठी? मशीन यायच्या काही वर्षं आधी आमच्याकडे कपाशीचं नवं बियाणं आलं होतं. पाकिटावर लिहिलेलं वाचून मी काउंटरवर हात आपटून सांगायचो, "या पऱ्हाटीला बोंडअळी शिवणार नाही!" अळीनं पाकीट वाचलेलं नव्हतं. चार वर्षं बरी गेली, मग फवारण्या सुरू झाल्या, आणि दर वर्षी वाढत गेल्या. हबीबभाईंचा धाकटा भाऊ सलीम त्यातच गेला. पाठीवरच्या पंपाची नळी टाकीला जिथं जोडतात, तिथला नट झिजला होता. त्यानं चिंधी बांधली. डोक्याएवढ्या पऱ्हाटीत तो दिवसभर फवारत राहिला आणि औषध त्याच्या पाठीवर झिरपत राहिलं. तिसऱ्या दिवशी त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यातून गाडीत घालून आणलं. औषध माझ्या दुकानातलं होतं. पंपही.

 दीड महिन्यानं मशीन आली.

पंपाचा नट ही क्षुल्लक वस्तू. पण दर पंपाचं माप वेगळं, आणि आटे झिजले की तेही बदलतं. अशा एका नटासाठी खरादावरचं चालू काम उतरवायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो. कुठलाही मिस्त्री "उद्या ये" म्हणतो. हबीबभाईंनी ठरवलं, ही मशीन फक्त नटासाठी. जिनिंगवाले मोठं काम घेऊन आले, तर यांनी हात जोडले. "हे रिकामीच राह्यली पाह्यजे." गावानं कपाळावर हात मारून घेतला. पोळ्याच्या आत मॅक्रो चालू करायचा, एवढाच त्यांचा ध्यास होता. पोळ्यानंतर फवारणीचा जोर असतो.

पोळा दोन दिवसांवर आला असताना गावातली शांताबाई पंप घेऊन आली. मी तिथंच होतो.

"मिस्त्री, हे गळून राह्यलं. घरधनी वावरात वाट पाहून राह्यले. चिंधी बांधून नेऊ, अन् उद्या येऊ का?"

हबीबभाईंनी पंप तिच्या हातातून ओढून घेतला. "चिंधी नाई. उद्या बी नाई. बसा."

त्यांनी माप घेतलं आणि वही माझ्याकडे दिली. "तुमी आकडे वाचा भाऊ. माह्या डोयायवर भरोसा नाई."

मी वाचले, त्यांनी बटणं दाबली. मशीन गुरगुरली आणि थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरांत त्यांचेच दोन शब्द उमटले, 'पुन्हा मोज'.

"बिघडली काय?" शांताबाई म्हणाली.

"नाई बाई. इचारून राह्यली."

त्यांनी पुन्हा मोजलं. आटे एका बाजूनं जास्त झिजले होते. नवा आकडा टाकला. या वेळी पितळेचे पिवळे पापुद्रे उडाले आणि शांताबाईचा चहा संपायच्या आत नट तिच्या तळहातावर आला, गरम.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण हबीबभाईंनी टाकीत पाणी भरलं, नट आवळला, पंप स्वतःच्या पाठीवर चढवला आणि दांडा मारत, वाकत, अंगणात फेऱ्या घालू लागले. पोळ्याला बैल फिरवतात तसे.

मी वही चाळत उभा होतो. सगळीकडे मशीनचे हुकूम. एका पानावर मात्र मराठीत तीनच ओळी होत्या.

दहा, सलीम नट घेऊन आला.

वीस, म्या म्हनलं, उद्या ये.

तीस, सलीम गेला.

चिंधी बांधायच्या आधी तो वर्कशॉपात आला होता हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडे बसून मलाही नाही. वीस आणि तीसच्या मधली जागा मोकळी होती. तिथं काहीतरी लिहून रबरानं खोडलं होतं, पुन्हा लिहून पुन्हा खोडलं होतं. कागद इतका पातळ झाला होता की त्यातून माझं बोट दिसत होतं.

"भाऊ," हबीबभाई माझ्यापुढे पाठ करून उभे राहिले, "ओली हाय का पाहा."

मी वही मिटली. पंपाखालून त्यांच्या सदऱ्यावर हात ठेवला.

"कोरडी आहे."

"पुन्हा पाहा," ते म्हणाले.