उम्म हातेम एकटी ऐकते

अलेक्झांड्रियाच्या मुहर्रम बेक भागातल्या एका जुन्या इमारतीत एका शुक्रवारी सकाळी शांतता आढळून आली. ती कुठल्या मजल्यावरून सुटली आणि तिला परवानगी कुणी दिली, याची चौकशी रहिवासी मंडळाचे अध्यक्ष उस्ताज बहगत यांनी नाश्ता अर्धवट टाकून सुरू केली. उस्ताज पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. गळती शोधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांना उगम लगेच सापडला. तिसरा मजला, अफकारबाई.

अफकारबाईंना इमारतीत अफकार म्हणून कुणी हाक मारत नसे. त्या उम्म हातेम, म्हणजे हातेमची आई. त्याआधी त्या कुणाची तरी बायको होत्या आणि त्याच्याही आधी भावांच्या घोळक्यातली एकुलती बहीण. माहेरी रेडिओ भावांचा होता. सासरी तो नवऱ्याचा झाला. नवरा बातम्या ऐकायचा आणि बातम्या संपल्या की त्याच बातम्या घरच्यांना समजावून सांगायचा. मग मुलगा मोठा झाला आणि रेडिओत फुटबॉल शिरलं. पुढं नवरा देवाघरी गेला, मुलगा दोह्याला नोकरीला गेला आणि रेडिओ एकदाचा बाईंच्या हाती आला. पण तोवर तो चौकाचा झाला होता.

इमारतीतली सगळी स्वयंपाकघरं ज्या अरुंद, उंच पोकळीत उघडायची, तो चौक. त्यात कपडे वाळायचे, भांडणं वाळायची, आणि खालचा वास वरपर्यंत जायचा. चौकाचा कायदा कुणी लिहून ठेवला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नसे. आपल्या घरच्या रांधपाचा वास ज्या घरात गेला, त्या घरी ताट पाठवायचं. आणि आलेलं ताट कधीही रिकामं परत करायचं नाही. कोबीच्या पानांत भात भरून केलेली महशी वर गेली, की त्याच ताटात खजूर भरलेली बिस्किटं खाली यायची.

आवाजालाही हाच कायदा. बाईंचा रेडिओ स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर, आणि समोरच्या खिडकीतून दौलतबाईंचा हुकूम: "उम्म हातेम, मोठा कर गं जरा! माझी मुलुखिया अडलीय!"

मुलुखियाच्या पालेभाजीवर लसणाची फोडणी ओतताना बाईमाणसानं दचकून श्वास आत ओढला नाही, तर भाजीला चव येत नाही, हे त्या गावातल्या शिकलेल्या डॉक्टरणीसुद्धा मानतात. दौलतबाई तो श्वास गाण्याच्या ठेक्यावर ओढायच्या. दुसऱ्या मजल्याला वेगळं स्टेशन लागायचं, चौथ्याला त्या वेळी झोप लागायची. बाई सगळ्यांचं ऐकत ऐकत बटण फिरवायच्या. स्वतःला काय ऐकायचंय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर त्याच गोंधळल्या असत्या.

आणि ईदला हातेमनं डबी पाठवली.

डबी कसली, खजुराएवढा एक चकचकीत तुकडा. गळ्यात अडकवायची दोरी, कानात घालायच्या दोन काड्या, पोटात गाणी. उन्हाळ्यात येऊन गेला तेव्हा हातेमनं आईच्या जुन्या कॅसेटींचं खोकं नेलं होतं. लग्नाच्या आधीपासून बाईंनी जमवलेल्या कॅसेटी होत्या त्या. कुणी घरात नसताना लावायच्या, आणि जिन्यात पाऊल वाजलं की बंद करायच्या. त्यातलं एकही गाणं बाईंनी आजवर शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं.

त्यांनी काड्या कानात घातल्या, बटण दाबलं, आणि त्या स्टुलावरून पडता पडता वाचल्या. गाणं खोलीत नव्हतं, चौकात नव्हतं, डोक्याच्या बरोबर मधोमध वाजत होतं! बाईंनी दाराकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. कुणी आलं असतं तरी काय कळणार होतं? त्या हसायला लागल्या. हातातलं कोबीचं पान त्यांनी पदरासारखं डोक्यावर घेतलं आणि कंबर हलवून पाहिली. हलत होती! एका गाण्यात पूर्वी टेपरेकॉर्डरनं फीत चघळली होती. तिथं गायिकेचा आवाज लांबायचा, तसा डबीतही लांबला, आणि बाईंची कंबरही तेवढा वेळ एका बाजूला थांबून मग पुढं सरकली.

समोरच्या खिडकीत दौलतबाईंच्या हातातून झारा पडला.

"उम्म हातेम! काय होतंय तुला?"

बाईंची कंबर दुसऱ्या बाजूला गेली.

"अगं ए! डोक्यावर कोबी का घेतलायस? अंगात आलंय का कुणी?"

बाईंनी एक काडी काढली. "गाणं ऐकतेय, दौलत."

"कुठंय गाणं? मी बहिरी आहे का?"

"माझ्या कानात आहे."

दौलतबाईंनी पडलेला झारा उचलला. मग दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या, "भूत असतं तरी परवडलं असतं गं. भूत तरी सगळ्यांना दिसतं."

तपासणीला उस्ताज बहगत स्वतः आले. बरोबर दरवान अम्म गाबिरला, म्हणजे गाबिरकाकाला, आणलं होतं, कारण कुठल्याही तपासणीत कुणीतरी मागं उभं असावं लागतं.

"उम्म हातेम, तुम्ही एकट्या ऐकता, अशी तक्रार आहे."

"दोन्ही कानांनी ऐकते, उस्ताज. बसा ना, चहा टाकते."

"चहा नंतर. चौकात आवाज येत नाही, हे खरं?"

"आवाजाचा त्रास होतो म्हणून चौथ्या मजल्यानं तुमच्याकडेच तक्रार केली होती ना?"

"ती आवाजाची तक्रार. ही आवाज नसल्याची. दोन्हींची दखल घेणं मंडळाला भाग आहे." उस्ताजांनी डबी दोन बोटांत धरून उजेडात पाहिली. "मला सांगा, तुम्ही मासा तळला आणि वास बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, तर त्याला काय म्हणायचं?"

"मासा मी एकटीसाठी तळतच नाही हो."

"लिहून घे, गाबिर. कबूल केलं."

गाबिरला लिहिता येत नव्हतं. त्यानं मान डोलवली आणि चहाच्या किटलीकडे पाहिलं.

मंडळाची तातडीची बैठक गच्चीवर कबुतरांच्या खुराड्यापाशी झाली. ठराव एकमतानं मंजूर झाला. वास न येऊ देता खाणं म्हणजे दार लावून खाणं. चौकाला ऐकू न देता ऐकणं हे त्याच प्रकारात मोडतं. सबब सदर डबीला ताट समजण्यात यावं आणि ती प्रत्येक घरी जावी. शिक्षा म्हणून नव्हे, प्रेमानं. 'प्रेमानं' हा शब्द दुरुस्तीनं घालण्यात आला. दुरुस्ती दौलतबाईंची होती.

बाईंनी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण शेजारी ताट न्यायला दारात उभे असताना नाही कसं म्हणतात, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी डबी पुसली, तबकात ठेवली, वर क्रोशाचा रुमाल घातला. अम्म गाबिर तबक दोन्ही हातांत धरून असा जिना चढला, जणू आत अंडी उकडायची राहिली आहेत.

"जपून हं," बाई मागून म्हणाल्या. "आत माझी सगळी गाणी आहेत."

"तुमच्या गाण्यांना बोटसुद्धा लावू देणार नाही, सित्त उम्म हातेम," गाबिर म्हणाला, आणि त्यानं खरोखरच कुणाला बोट लावू दिलं नाही. जे लावलं ते सगळं कॉम्प्युटरनं लावलं.

तबकाच्या बातम्या चौकातून येत राहिल्या. दुसऱ्या मजल्यावर तार केसांत गुंतली. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी काडी ऐकू न येणाऱ्या कानात घातली आणि डबी बिघडल्याचं जाहीर केलं. दौलतबाईंनी एक काडी आपल्या कानात आणि दुसरी बहिणीच्या कानात घालून तार ताणली जाईपर्यंत भांडण केलं. मग तबक वरच्या मजल्यावर, इंजिनियर रअफत यांच्याकडे गेलं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होता. तिथं ते फार दिवस राहिलं. रोज कुणी ना कुणी जिना चढून जायचं आणि बाईंच्या दारावरून जाताना गूढ हसायचं.

आणि एका संध्याकाळी मिरवणुकीनं तबक परत आलं. पुढं उस्ताज, मागं दौलतबाई, रअफत, गाबिर, आणि जिन्यात उरलेली इमारत.

"घ्या, उम्म हातेम," उस्ताज म्हणाले. "रिकामी परत केलेली नाही!"

बाईंनी काड्या कानात घातल्या. कुणीतरी खाकरलं. मग उस्ताज बहगत यांचा आवाज आला. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी केलेलं भाषण, विषय पाण्याचा दाब, अथपासून इतिपर्यंत. पुढचं बटण दाबलं, तर दौलतबाईंच्या धाकटीच्या लग्नातला बायकांचा जल्लोष, फक्त जल्लोष, मधे ना नवरी ना नवरदेव. त्याच्या पुढं इंजिनियर रअफत ऊद हे तंतुवाद्य शिकत होते. नुकतेच शिकायला लागले होते. शेवटी गाबिरच्या खेड्यातून त्याची आई सगळ्यांची ख्यालीखुशाली सांगत होती, त्यात प्रत्येक म्हशीची वेगळी.

"आणि माझी गाणी?"

सगळे हसले. रअफत लाजले. "ताईसाहेब, ताट भरायच्या आधी घासावं लागतं ना? मी स्वतः घासलं. एक डाग ठेवला नाही!"

जिन्यात टाळ्या पडल्या. बाईंनीही वाजवल्या. हात आपोआप वाजले.

त्याच रात्री त्यांनी दोह्याला फोन लावला. "हातेम, ती गाणी परत भरून दे रे राजा. ते खोकं आहे ना तुझ्याकडे?"

"टाकून दिलं ना गं आई. सगळं डबीत आलं होतं. अडगळ कशाला ठेवायची?"

दुसऱ्या दिवसापासून परीक्षा सुरू झाल्या. समोरच्या खिडकीतून दौलतबाई विचारायच्या, "जल्लोषात सगळ्यांत लांब हाक कुणाची, ओळखलीस?" दौलतचीच, हे उत्तर ओळखावं लागायचं. जिन्यात उस्ताज अडवायचे. "दाबाबद्दल मी जे म्हणालो त्याच्याशी सहमत आहात? की अजून तिथवर पोचला नाहीत?" गाबिर रोज सकाळी दूध देताना म्हशींचं नाव घ्यायचा, आणि बाईंना कुठली आजारी आहे ते सांगावं लागायचं. पूर्वी इमारत नकोशी झाली की खिडकी लावून घेता यायची. आता इमारत डोक्याच्या बरोबर मधोमध राहायला आली होती, आणि तिथं खिडकी नव्हती.

एक सकाळ अशी आली, की पाण्याचा दाब वाढत असतानाच डबी विझली. तिच्यातला जीव संपला होता. नेमके त्याच वेळी उस्ताज दारात. बाईंच्या कानात काड्या, आणि काड्यांत काहीही नाही. बाई घाबरल्या. घाबरलेलं माणूस करतं तेच त्यांनी केलं. त्या उस्ताजांकडे पाहून हसल्या आणि हळूहळू मान डोलवली.

उस्ताजांचे डोळे भरून आले. "हीच जागा!" ते म्हणाले. "बरोबर इथंच सभागृह उठून उभं राहिलं होतं!"

ते गेले. बाई तशाच बसून राहिल्या. कानात काड्या असल्यामुळे नळ ऐकू येत नव्हता, दौलत ऐकू येत नव्हती. त्या नि:शब्दतेत आधी काहीच नव्हतं. मग कुठूनतरी लग्नाआधीच्या एका गाण्याचा पहिला ठेका आला, विचारत विचारत, जिन्यात कुणी नाही ना हे पाहत. बाईंनी त्याला आत घेतलं. गाणं सुरू झालं. चघळलेल्या फितीच्या जागी आलं, आवाज लांबला, कंबर थांबली, कंबर सरकली. आणि गाणं पुढं गेलं, अगदी शेवटपर्यंत!

त्या दिवसानंतर बाईंनी डबीच्या पोटात वीज कधी भरली नाही. बाई पहाटे उठायच्या, काड्या कानात घालायच्या आणि दिवसभर गिरक्या घ्यायच्या. झाडू घेऊन गिरकी, ताटं पुसताना गिरकी, महशीचा भात भरता भरता अर्धी गिरकी.

"काय चाललंय गं आत्ता?" दौलतबाई हातवारे करून विचारायच्या.

"तुझंच!" बाई ओरडायच्या.

उस्ताजांना तुमचंच, रअफतना तुमचंच, गाबिरला म्हशी सगळ्या खुशाल. काड्या घातलेल्या बाईला मधेच थांबवायला कुणी धजेना, कारण न जाणो आपलंच चालू असलं तर! मंडळानं गच्चीवर छोटासा समारंभ करून त्यांना 'आदर्श श्रोता' म्हणून गौरवलं. उस्ताजांनी त्या निमित्तानं नवं भाषण केलं आणि तेही डबीत घालून दिलं.

आता असा श्रोता प्रत्येकालाच हवासा वाटणार. पुढच्या ईदपर्यंत घरोघर डब्या आल्या, तबकांतून फिरल्या, घासल्या गेल्या, भरल्या गेल्या. ज्याच्या त्याच्या डबीत बाकी सगळे. सगळी इमारत एकमेकांकडे पाहून मान डोलवू लागली. भांडणं थांबली, तक्रारी बंद झाल्या. चौकात पुन्हा शांतता पसरली. पण या वेळी ती मंडळाच्या मंजुरीनं पसरली होती, म्हणून ती कुणाला खटकली नाही.

एकदा बाई कपडे वाळत घालायला खिडकीत आल्या. समोर दौलतबाई डोळे मिटून, ओठ हलवत, मोठ्या तल्लीनतेनं डुलत होत्या. त्यांच्या कानातल्या तारेचं दुसरं टोक वाळत घातलेल्या चादरीवर मोकळं लोंबत होतं. दौलतबाईंनी डोळे उघडले. दोघींची नजर भेटली.

"कोणाचं चाललंय गं?" अफकारबाईंनी विचारलं.

"उस्ताजांचं," दौलतबाई म्हणाल्या. "काय बोलतात गं!"

"हो ना," अफकारबाई म्हणाल्या, आणि दोघी आपापल्या गिरकीला लागल्या.

आता ही गोष्ट तुम्हाला आवडली असेल, तर तुम्ही काही ती स्वतःपाशी ठेवणार नाही. ज्यांच्यावर माया आहे अशा दहा जणांना लगेच फोनवरून पाठवून द्याल, सकाळच्या सुविचाराच्या खाली आणि नातवाच्या नाचाच्या वर. संध्याकाळपर्यंत दहाही जणांची उत्तरं येतील: वा, फारच छान! त्यांतल्या एखाद्याला विचारून पाहा, बाईंनी डोक्यावर काय घेतलं होतं म्हणून. नाहीतर राहू द्या, नकाच विचारू. त्यांनीही काल तुम्हाला काहीतरी पाठवलंय, आणि तुम्हीही 'वा' म्हणालायत.