मुंढ्यातली शिवण

मुलांनो, आमच्या शेजारच्या शेवंताताई ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला गेल्या की आधी टाके दाखवायला सांगतात. तब्येतीची चौकशी नंतर. सुकापूरच्या अर्ध्या बायकांचे ब्लाउज त्या शिवतात, त्यामुळे शिवण कोणाचीही असो, निकाल आपणच द्यायचा, असं त्यांना वाटतं. माझ्या गुडघ्याचे टाके पाहून म्हणाल्या, "काकू, डॉक्टरानं घाई केली. मी असती तर उसवून परत घातली असती."

यंदा त्यांच्याच छातीत गाठ निघाली. तपासणीत साधी ठरली, पण वाढत होती, म्हणून काढायची. मी सोबत गेले. पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की काखेत छोटा छेद घेऊन तिथून दुर्बीण आत घालायची आणि गाठ काढायची. छातीवर खूण राहत नाही.

"म्हंजे मुंढ्यात शिवण! बरोबर हाय. तिथं कोणाला दिसत नाय. आन दोरा कुठला?"

"आपोआप विरघळणारा."

"असल्या दोऱ्यानं मी ब्लाउज शिवला तर बायका मारतील मला!"

डॉक्टरीणबाई हसल्या. मीही हसले. मला वाटलं, बाई निर्धास्त आहे.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी त्या माझ्या दारात उभ्या. हातात वर्तमानपत्राचे कापलेले तुकडे. पाठ, पुढा, बाही. माझ्या ब्लाउजचं माप. वर पेन्सिलीनं लिहिलेलं, 'काकू. डावा खांदा उतरता.' सकाळपासून त्या घरोघर जाऊन प्रत्येकीला तिचं माप देत होत्या.

"दुसरीकडं शिवायला दिलं तर बरं पडंल."

"अहो, साधी गाठ आहे!"

"गाठ साधी हाय. पन भूल देनार ना? नाय उठले, तर तुमच्या खांद्याचं कोन सांगंल?"

त्या उठल्या. गाठ निघाली, रिपोर्टही चांगला आला.

तिसऱ्या दिवशी पट्टी बदलायला मी गेले. त्यांचा नवरा जाऊन बारा वर्षं झाली. घरात दुसरं कोणी नाही. आयुष्यभर बायकांना "हात वर करा" म्हणणारी ही बाई माझ्यासमोर हात वर करून, डोळे घट्ट मिटून बसली. मी जुनी पट्टी काढली, नवी लावली आणि ती चिकटावी म्हणून वर तळवा ठेवला.

"काकू, तुमचा हात गार हाय."

मी हात मागे घेऊ लागले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या.