‘खोटे’चा शिक्का आणि सासूबाईंच्या दोन बादल्या

एक रबरी शिक्का, लाल शाईचा.

सोडावॉटरच्या अकरा बाटल्या.

केळ्याच्या सालीने चष्म्याचा नंबर उतरतो.

संपादकांचा डावा कान, जांभळा.

यांचा एकमेकांशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. विचारा! विचारलंच पाहिजे! दर रविवारी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरातून मी हेच तर सांगतो: आलेल्या मजकुरावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. मजकूर बोगस निघाला की त्यावर मी लाल शाईत ‘खोटे’ असा शिक्का हाणतो. वर्षभरात एकदाही चुकलो नाही. (खोटे.)

मला कच्चा माल पुरवतात सासूबाई. त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात आणि सकाळी दात घासायच्या आत चार निरोप पुढे ढकलतात. केळ्याच्या सालीचा तो त्यांचाच.

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी इमारतीच्या ग्रुपवर टाकलं: “उद्या टाकी धुणार. अकरापासून नळाला पाणी नाही. भरून ठेवा. सर्वांना कळवा!!” खाली जोडलेल्या हातांची सात चित्रं.

सर्वांना कळवा! शेवटी हे आलं की मजकूर बनावट, हा माझा नियम. कागदावर उतरवून घेतला, शिक्का मारला, फोटो काढून ग्रुपवर टाकला. चोवीस बिऱ्हाडं निर्धास्त!

“अहो, दोन बादल्या भरून ठेवू का?” बायकोने विचारलं. “उद्या माझा पहिला दिवस आहे.”

बुधवारी तळमजल्यावर तिचं सलून उघडणार होतं. दोन वर्षं दुसऱ्याच्या दुकानात उभं राहून शिकली होती. पहिलं गिऱ्हाईक खूश होऊन गेलं पाहिजे, एवढाच एक जप आठवडाभर चालला होता.

“बादल्या भरणं म्हणजे अफवेला खतपाणी घालणं!” मी म्हणालो. “अगं, निरोप कुणाचा आहे ते बघ ना!”

“आईचा आहे.”

“मग? तेच म्हणतोय मी!”

दोनच दिवसांपूर्वी, रविवारी छापून आलेल्या माझ्या सदराचा मथळा होता: ‘कोण म्हणतंय ते सोडा, काय म्हणतंय ते तपासा’.

पहिलं गिऱ्हाईक मीच आणलं. आमचे संपादक! वय अठ्ठावन्न, डोक्यावर कोळशासारखे केस. नैसर्गिक आहेत, असं अख्खं कार्यालय मानायचं. मीसुद्धा. खुर्चीत बसल्या बसल्या ते बायकोच्या कानाशी काहीतरी पुटपुटले आणि तिने रंगाची वाटी काढली.

“हे तुम्ही पाहिलेलं नाही,” संपादक मला म्हणाले.

“काय पाहिलेलं नाही, साहेब?”

“शाब्बास.”

अकराला रंग लावून झाला. “अर्ध्या तासात धुवायचा,” बायको म्हणाली. “जास्त राहिला तर जांभळी झाक येते.”

साडेअकराला तिने नळ सोडला. नळ खाकरला, एक उचकी दिली आणि त्याने मौन धरलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचं मला काहीच वाटलं नाही. (खोटे.)

“काय झालं?” संपादक ओरडले. “चुरचुरतंय!”

“काही नाही साहेब! सगळं ठरल्याप्रमाणे!” (खोटे. खोटे.)

मी बावीस दारं वाजवली. एका घरात तांब्याभर पाणी नाही! “तुम्हीच तर सांगितलंत!” जो तो म्हणे. एका शेजाऱ्याने तर अंगभर साबण असताना दार उघडलं आणि त्याच अवस्थेत माझ्या बुद्धीबद्दल चार शब्द सांगितले.

इकडे बायकोने उद्घाटनाच्या पाहुण्यांसाठी आणलेलं सोडावॉटर ओतायला घेतलं. फस्स! संपादकांचं डोकं उतू चाललेल्या पातेल्यासारखं दिसायला लागलं. अकरावी बाटली संपली, तेव्हा रंग निघायचा सोडून डाव्या कानावर मुक्कामाला आला होता.

उरलं एकच दार. बंद.

“आई, पाणी आहे?”

“आहे की. दोन बादल्या,” आतून आवाज.

“द्या ना लवकर!”

“पण आहे कशावरून?”

“तुम्हीच म्हणालात!”

“मी म्हणते म्हणून खरं कसं, जावईबापू? आधी ग्रुपवर शिक्का मारा. ‘खरे’ म्हणून.”

‘खरे’चा शिक्का माझ्याकडे नव्हताच! कधी गरजच पडली नव्हती. जिन्यात उकिडवा बसून हाताने ‘खरे’ लिहिलं, फोटो टाकला. त्यावर बावीस बिऱ्हाडांनी जे लिहिलं ते छापण्याजोगं नाही. पण दार उघडलं.

केस झकास झाले! कानाचं कारण संपादक जन्मात कुणाला सांगणार नाहीत, कारण मग केसांचंही सांगावं लागेल. “तुमच्या हाताला गुण आहे,” ते बायकोला म्हणाले, आणि आता दर महिन्याला येतात. मला म्हणाले, “यापुढे सदर छापायला देण्याआधी सासूबाईंना दाखवत जा.”

दाखवतो. त्या चष्मा काढून वाचतात. म्हणतात, नंबर उतरलाय.

टाकी धुणाऱ्याने तो निरोप सासूबाईंना सोमवारी जिन्यात समोरासमोर सांगितला होता. शेजारी मी उभा होतो, फोनमध्ये डोकं घालून.