खडूचा गुण

भिवापूरचे मिरचीचे शेतकरी चंपतराव ठवकर यांच्या पत्नी प्रयागबाई यांना १९७४ सालच्या वैशाखात थंडी वाजू लागली. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं आणि प्रयागबाई ओसरीवर शाल पांघरून मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. खुडता खुडता त्यांना झोप लागे. चेहरा सुजला होता, आवाज घोगरा झाला होता, केस विंचरताना मूठभर केस फणीत येत होते. या परिस्थितीचा कुटुंबात साकल्याने विचार होऊन, प्रयागबाई आळशी झाल्या आहेत, असा निर्णय एकमताने घेण्यात आला. त्यांचं स्वतःचं मत घ्यायचं राहून गेलं, कारण त्या वेळी त्यांचा डोळा लागला होता.

पुढे एके दिवशी त्या मिरच्यांच्या ढिगावरच आडव्या झाल्या आणि ठसका लागला तरी उठेनात. मग मात्र चंपतरावांनी त्यांना एसटीत बसवून नागपूरला आणलं.

नागपुरात तेव्हा अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर संशोधन करणारी एक संस्था होती. तिथल्या डॉ. विश्वनाथ घाटोळे यांनी प्रयागबाईंच्या घोट्यामागच्या शिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण सावकाश, अगदी अनिच्छेने. पाऊल उशिरा हलणं हे त्या आजाराचं लक्षण मानलं जाई. या कसोटीवर संस्थेचा निम्मा कर्मचारीवर्ग आजारी ठरला असता, म्हणून ती फक्त रुग्णांना लावत.

"गळ्यातली थायरॉइड ग्रंथी मंदावली आहे. औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "रोज एक गोळी, जन्मभर."

"मंग द्या नं जी," चंपतराव म्हणाले.

"तशी देता येत नाही. आधी तिचा उपयोग होतो का ते बघावं लागेल."

त्या गोळीचा उपयोग होतो हे जगाला कित्येक वर्षं ठाऊक होतं. पण नागपूर विभागात तो होतो का, याचा अधिकृत पुरावा कोणापाशी नव्हता. इतवारीतला एक औषधविक्रेता ती गोळी उघडपणे विकत असे आणि गिऱ्हाइकं बरी होत असत. परंतु त्याचं शिक्षण बी.कॉम. होतं, त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं शास्त्रीयदृष्ट्या बरी झाली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी संस्थेने प्रकल्प मंजूर करून घेतला होता. प्रयागबाई त्यात दाखल झाल्या.

प्रकल्पाची रचना निर्दोष होती. निम्म्या बायकांना 'अ' डब्यातली गोळी, निम्म्यांना 'ब' डब्यातली. एका डब्यात औषध होतं आणि दुसऱ्यात खडूची भुकटी दाबून केलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळतंय हे बायकांना कळता कामा नये आणि डॉक्टरांनाही कळता कामा नये, असा या शास्त्राचा दंडक आहे. त्यातला दुसरा भाग पाळायला संस्थेला फारसे कष्ट पडले नाहीत. कोणी बाहेरचं काही खाऊन निष्कर्ष बिघडवू नये, म्हणून साऱ्या बायकांना वॉर्डातच ठेवून घेण्यात आलं.

प्रयागबाईंना 'अ' डबा मिळाला. पावसाळा सरता सरता त्यांच्या चेहऱ्याची सूज उतरली, आवाज नितळला आणि एका सकाळी त्यांनी शाल घडी करून उशाशी ठेवली. कित्येक महिन्यांनी त्यांना स्वतःचे हातपाय स्वतःचे वाटले. चंपतराव भेटायला आले तेव्हा क्षणभर दुसऱ्याच खाटेकडे गेले. प्रयागबाई हसल्या. त्यांना इतकं बरं वाटलं होतं की डोळ्यांत पाणी आलं.

शेजारच्या खाटेवर कामठीची गोपिका होती, मागावर काम करणाऱ्या घरातली. ती 'ब' डब्याची. घरी मागाचा धोटा हातात धरून झोपायची, इथे नुसती झोपायची.

"माई, तुह्या तोंडाची सूज उतरली वं," गोपिका घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी तं तशीच हाय."

प्रयागबाईंना ओशाळल्यासारखं झालं. भिवापूरला देठ खुडायला बसलेल्या बायका भाकरीचा तुकडाही एकटीने तोंडात टाकत नाहीत, आणि इथे त्या रोज सकाळी शेजारणीदेखत एकटीने बऱ्या होत होत्या. त्यांनी बटव्यातून अडकित्ता काढला.

"अर्धी माही घे. तुही अर्धी मले दे."

"सिस्टर रागवन नं."

"काहून रागवन? मिरचीचा ठेचा वाटून खाल्ला तवा रागवली का?"

कुसुमताई सिस्टर रागावल्या नाहीत. गोळी तळहातावर टाकणे आणि कागदावर खूण करणे एवढंच काम त्यांना नेमून दिलं होतं, आणि त्या नेमून दिलेल्याच्या बाहेर जात नसत. गोपिकाच्या तोंडाची सूज जरा उतरलेली पाहून पलीकडच्या खाटेवरून विचारणा झाली. थोड्याच दिवसांत प्रयागबाईंचा अडकित्ता साऱ्या वॉर्डात फिरू लागला. 'अ'वाल्या आणि 'ब'वाल्या जोड्या लावून बसत, गोळ्या कापत, वाटत आणि पाण्याचा एकच लोटा पुढे सरकवत. अर्ध्या गोळीला अर्धाच गुण. प्रयागबाईंना पहाटे पुन्हा शाल लागायला लागली. पण गोपिका आता जागी राहून गप्पा मारत होती, त्यामुळे त्यांना त्याचं वाईट वाटलं नाही.

प्रकल्पाची मुदत संपली. डॉक्टरांनी सगळ्यांचे घोटे ठोकले आणि आकडे मांडले. 'अ' गटाची रेघ आणि 'ब' गटाची रेघ एकमेकींवर तंतोतंत बसली. दोन्ही गट सारखेच सुधारले होते. डॉक्टर घाटोळे यांच्या कारकिर्दीत दोन आकडे जुळण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी ते पुन्हा तपासले नाहीत.

निष्कर्ष उघड होता. औषध आणि खडू यांत फरक नाही. संस्थेच्या समितीने पुढचं पाऊल उचललं. फरक नसेल आणि बायका तर सुधारल्या असतील, तर खडू गुणकारी आहे. शिवाय तो स्वदेशी आहे. औषध निरुपयोगी ठरवून कपाटात बंद करण्यात आलं आणि विभागातल्या सर्व रुग्णांना खडू द्यावा असा ठराव झाला. त्या वर्षी जिल्ह्यातल्या शाळांत गुरुजींना फळ्यावर बोटाने लिहून दाखवावं लागलं. आजार मुळात मनाचा असल्याचं मतही समितीने जाता जाता नोंदवलं. वर्तमानपत्रात डॉक्टरांचा हारासकट फोटो आला. चंपतरावांनी ते कात्रण खिशात ठेवलं आणि पत्नीला खडूच्या पिशवीसह घरी नेलं.

पुढच्या वैशाखात प्रयागबाई पुन्हा शाल पांघरून देठ खुडत होत्या. पेंगता पेंगता त्यांनी हट्ट धरला आणि चंपतरावांना नागपूरला यायला लावलं.

"डॉक्टरसाहेब, आमी गोळ्या वाटून खात होतो," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, प्रकल्पात वाटून खाण्याची तरतूद नव्हती."

"पन खाल्ल्या नं जी."

"तरतूद नव्हती म्हणजे तसं झालेलं नाही."

"मंग मले 'अ' डब्यातली द्या. तिच्यानं मी बरी झाली होती."

"ते औषध निरुपयोगी ठरलं आहे. निरुपयोगी औषध रुग्णाच्या हातात ठेवणं म्हणजे फसवणूक. ती माझ्याकडून होणार नाही." त्यांनी हातोडी मारली. पाऊल हलायची वाट पाहता पाहता त्यांचा चहा आला आणि पिऊनही झाला. "उत्तम. आजार गेलेला आहे, सवय तेवढी उरली आहे. मन रमवा."

बाहेर बाकावर गोपिका गोधडीत गुरफटून बसली होती. प्रयागबाईंची चाहूल लागताच तिने डोळे उघडले.

"माई, अडकित्ता आनला का वं?"

"आनला. पन कापाले काई भेटलंच नाई." आणि प्रयागबाई तिच्याजवळ बसून रडल्या.

परतताना त्यांनी चंपतरावांना इतवारीत नेलं. बी.कॉम. औषधविक्रेत्याने गोळ्यांची बाटली काउंटरवर ठेवली. चंपतरावांनी खिशातून कात्रण काढून बायकोपुढे उलगडलं.

"हे पाह्य. छापून आलं हाये. तुले डॉक्टरपरीस जास्त समजते का?"

"अजी, मी बरी झाली होती. तुमी तुमच्या डोळ्यानं पाह्यलं नं."

चंपतराव विचारात पडले. माणूस वाईट नव्हता. "पाह्यलं," ते म्हणाले. "पन वाचलं थे येगळं."

बाटली परत फळीवर गेली. पण बायकोला असं कुडकुडताना बघणं त्यांच्याच्याने होईना. त्यांचा तिच्यावर जीव होता. त्यांनी तिला हाताला धरून कापडबाजारात नेलं आणि चांगली जाड लोकरीची शाल घेऊन दिली. वैशाखात ती स्वस्तही मिळाली.

इथवर वाचून तुम्ही चंपतरावांवर चिडला असाल. जरूर चिडा. फक्त त्याआधी उठून एकदा स्वयंपाकघरात डोकावून या. तिथेही कोणीतरी भर उन्हाळ्यात पदर अंगाभोवती लपेटून बसलेलं असेल, भाजी निवडता निवडता पेंगत असेल, आणि आळस झटकून जरा फिरून ये, असं तुम्ही तिला सांगितलेलं असेल. आपल्याला काय होतंय, ते तिने तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा काहीतरी वाचत होता.