इतिहासावर सात विषय

भुताखेतांना आमचा उंबरा ओलांडायची हिंमत नाही! अंगारे-धुपारे सासऱ्यांनीच घराबाहेर काढले होते. उरलंसुरलं मी तोंडानं हाकललं.

नात दीक्षा घरून येऊन-जाऊन औंढ्याच्या कॉलेजात बी. ए.ला आहे. तिला इतिहास पाहिजे होता. कॉलेजनं त्यावर सात विषय सक्तीचे चढवले. योग, प्रथमोपचार, नाटक, आणखी कसलेकसले!

माझा लेक प्रमोद भडकला. "माय, इतिहास शिकायला गेली न् हे सात काहून? एक तरी धड शिकू द्या! न्हाईतर कॉलेजातून नाव काढतो तिचं."

"तुला नुसती भाकर वाढली तर ताट आदळतोस! पोरीला सगळं चाखू दे. डोकं फिरलं तिचं, तर मीच नाव काढून आणीन!"

शब्द दिला. माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ!

चार दिवसांनी, भर दुपारी. सगळे सोयाबीन काढायला गेलेले. घर इतकं गप्प, की उन्हानं तडतडणारे पत्रे मोजावेत. धान्याच्या बंद खोलीतून आवाज आला. सीऽऽऽ! फटीतून पाहिलं. दीक्षा डोळे मिटून बसलेली आणि जीभ बाहेर, नळीसारखी गुंडाळलेली!

"दीक्षा!" ओ नाही.

दुसऱ्या दुपारी ती बाजेवर ताठ पडलेली. डोक्यापासून हनुवटीपर्यंत पांढऱ्या पट्ट्या. तिची छाती हलत होती की नव्हती, आठवत नाही. माझी हलत नव्हती. संध्याकाळी तीच पोर तीन भाकरी खाऊन हसत होती. विचारावं, तर प्रमोद समोर!

तिसऱ्या दुपारी खोलीतून खोकला आला. कोरडा, दोनदा. मग घोगरा आवाज, "पद्मे, माझा अडकित्ता कुठं ठेवला?"

मला पद्मे म्हणणारा माणूस एकच, माझा मालक सोनाजी. त्याला जाऊन चार वर्षं झाली. उन्हात उभी असून माझे तळपाय गार पडले, जसे रांजणात सोडलेत!

तेवढ्यात प्रमोदची मोटारसायकल. त्यानं हे ऐकलं तर पोरीचं कॉलेज संपलं! मी दार अडवलं.

"आत जाऊ नको! साप हाय!"

"साप? दीक्षा कुठाय?"

"बाहेर गेली!"

त्यानं गल्ली गोळा केली. दहा माणसं काठ्या घेऊन आली, शेजारची भागूबाई मुठीत मीठ घेऊन आली.

आतून आवाज, सीऽऽऽ!

"लई मोठा हाय!" कुणीतरी म्हणालं.

मग खोकला. दोनदा. "पद्मे, एवढी माणसं काहून जमवली?"

काठ्या जागेवर पडल्या, माणसं जागेवर राहिली नाहीत. प्रमोद तेवढा उरला, गुडघ्यांवर, माझा पदर धरून! "माय... बा आलाय?"

कडी वाजली. दार हळूहळू उघडलं. पांढरे केस, पांढऱ्या मिशा, कपाळाला पट्टी.

मी सरळ पाया पडले! "पोरीला सोडा हो, मला न्या!"

"आजी, मी हाय!" दीक्षाच्या मिशीतून पीठ गळलं. "जीभ अन् सीऽऽऽ योगाचं, पट्ट्या प्रथमोपचाराच्या, हे नाटकाचं. उद्या तिन्ही विषयांची परीक्षा हाय. नाटकाच्या सरांनी घरातलं म्हातारं माणूस करायला सांगितलं."

प्रमोदनं गुडघे झटकले. "झालं? विषय कमी करत असतील तर ठीक, न्हाईतर उद्याच नाव काढतो. तूच शब्द दिलता."

मी डोळे पुसले. "डोकं तिचं न्हाई, आपलं फिरलं होतं. सातच्या सात राहू दे. अन् नाटकाचा तास रोज ठेवा म्हणावं."

पोरीचं पाठांतर पक्कं व्हावं म्हणून हो. माझं काय त्यात!